तांब्याचं वेटोळं आणि कलम ६५

डिंभ्यात तांब्याची नळी वेटोळी करून घरी आणली की पहिला प्रश्न येतो, "भट्टी लावली का?" नाही रे बाबांनो. भट्टीत वाफ नळीच्या आतून जाते, थंड होते आणि दारू टपकते. माझ्या नळीतून जातं निव्वळ गार पाणी. वेटोळं उकळत्या पातेल्यात बुडवायचं, बस. बिअरसाठी उकळलेलं माल्टचं पाणी झटपट गार व्हावं लागतं, नाहीतर यीस्टच्या आधी भलतेच जंतू त्यात घर करतात. स्टेनलेस स्टीलपेक्षा तांबं उष्णता पंचवीसेक पट सहज वाहून नेतं.

अजून मी साधं पाणीच गार केलंय. कारण १९४९ चा दारूबंदी कायदा, कलम ६५: परवान्याशिवाय मद्य करणं गुन्हा, त्यासाठी भांडी बाळगणंही गुन्हा. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली. तिथे माल्ट उकळणं, गार करणं ही कला. म्हणजे भांडवलवाल्याला परवाना, घरच्या पातेल्याला पोलीस! अमेरिकेने १९७८ मध्येच घरगुती बिअरला मुभा दिली.

विषारी दारूची भीती मला दाखवू नका. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलने, कुणाच्या घरच्या बिअरने नव्हे. विक्रीवर खुशाल बंदी ठेवा. घरापुरत्या वीस लिटरला सूट द्या.