विश्लेषण : टाको ‘मेक्सिकन’ म्हणजे नेमका कुठला?

मेक्सिको सिटीतील ‘एल कॅलिफा दे लिओन’ या छोट्याशा टाको दुकानाला मे २०२४ मध्ये मिशलिन तारांकन मिळाले. ग्राहक उभ्यानेच खातात, यादीत पदार्थ मोजून चार. कौतुक झाले, पण अशी दुकाने टिकणार कशी, हा प्रश्न मागे पडला.

प्रदेशागणिक काय बदलते?

उत्तरेकडील सोनोरा आणि चिवावा हा गव्हाचा, गुरांचा मुलूख. म्हणून तेथे गव्हाची टॉर्टिया आणि तिच्यात सारण गुंडाळलेला बरिटो. मध्य व दक्षिण मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून दळतात. त्याची टॉर्टिया होते. युकातानमध्ये आंबट संत्र्याचा रस लावलेले डुकराचे मांस केळीच्या पानात गुंडाळून खड्ड्यात शिजवतात. बाहा किनाऱ्यावर टाकोत तळलेली मासळी आणि कोबी असतो.

मग अस्सल कोणता?

उभ्या सळईवर भाजलेल्या मांसाचा ‘अल पास्तोर’ टाको आज मेक्सिको सिटीची ओळख आहे. त्याचे मूळ लेबनॉनमधून आलेल्या स्थलांतरितांच्या शावर्मात आहे. भात आणि बीन्स भरलेला जाडजूड बरिटो १९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात रूढ झाला. तोही तेथील मेक्सिकन वस्तीचाच. तेव्हा बदल म्हणजे भेसळ नव्हे.

धोका कुठे आहे?

जुलै २०२५ मध्ये मेक्सिको सिटीच्या रोमा, कोंडेसा भागांत वाढत्या घरभाड्यांविरोधात लोक रस्त्यावर उतरले. परदेशी ग्राहकांसाठी साल्साचा तिखटपणा कमी केला जातो, ही तक्रारही तेव्हा ऐकू आली. ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. लेबनीज स्थलांतरितांनी शहराच्या चवीत भर घातली. येथे मात्र जास्त पैसे देणाऱ्यासाठी चव वजा होते आहे. रोजचा गिऱ्हाईक भाड्यापायी दूर गेला, की साल्सा कमी तिखट झाला हे सांगायलाही कोणी उरत नाही.

उपाय काय?

पारंपरिक मेक्सिकन पाककलेला युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारशाचा दर्जा दिला. पण पाककृती कागदावर टिकून भागत नाही. कोपऱ्यावरचा टाकोवाला आणि त्याचा शेजारी, दोघांनाही परवडेल असे भाडे हवे. वारसा वाचवायचा तर सुरुवात तेथूनच करावी लागेल.