अर्थ अनिश्चित असतो, पण कोणाच्या सोयीसाठी?

आपल्या भाषा-साहित्य विभागांमधून एक विधान मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते: सर्व काही संहिता आहे आणि संहितेला निश्चित अर्थ नसतो. हे विधान कोणत्या वादातून आले याची फारशी चौकशी न करता ते प्रश्नपत्रिकांपासून चर्चासत्रांपर्यंत फिरत असते. त्याला जोडूनच एक गृहीतक येते, की असे अनेकार्थी वाचन स्वभावतःच सत्तेच्या विरोधात असते. या गृहीतकाला माझा विरोध आहे, आणि तो साहित्यकृतींच्या नव्हे तर इमारतींच्या आधारे मांडावासा वाटतो.

एप्रिल २००२ मध्ये इस्रायली सैन्य वेस्ट बँकमधील नाब्लुस शहरात घुसले. जुन्या वस्तीतील गल्ल्या टाळून सैनिक घरांच्या भिंती फोडत एका घरातून दुसऱ्या घरात सरकत गेले. लोकांच्या राहत्या खोल्याच सैन्याचे रस्ते झाल्या. छत्रीधारी ब्रिगेडचे तेव्हाचे प्रमुख अविव कोखावी (हेच पुढे २०१९ ते २०२३ या काळात इस्रायलचे सेनाप्रमुख होते) यांनी वास्तुविशारद एयाल वाइझमन यांना दिलेल्या मुलाखतीत या डावपेचाचे जे समर्थन केले, ते आपल्या कोणत्याही चर्चासत्रात शोभले असते. त्यांचे म्हणणे असे, की जागा म्हणजे आपण तिचा लावलेला अन्वयार्थ. गल्ली चालण्यासाठीच असते असे कोणी ठरवले? इस्रायली अधिकाऱ्यांना शिकवणारे निवृत्त ब्रिगेडियर जनरल शिमोन नावे यांच्या अभ्यासक्रमात देल्यूझ आणि ग्वात्तारी होते.

भिंत फोडायला सैन्याला तत्त्वज्ञान लागत नाही, हे उघड आहे. त्यात सेनाधिकाऱ्यांची प्रौढीही असेल. परंतु मुद्दा एवढाच, की ‘अर्थ अनिश्चित आहे’ हे विधान पीडितांच्या बाजूचे म्हणून जन्माला येत नाही. ज्याच्या हाती स्फोटके आहेत तोही ते तितक्याच सफाईने उच्चारू शकतो.

मग वाचनाचे काय करायचे? वाइझमन यांनी २०१० साली लंडन विद्यापीठाच्या गोल्डस्मिथ्समध्ये ‘फॉरेन्सिक आर्किटेक्चर’ हा संशोधनगट उभा केला. वास्तुविशारद, ध्वनीचे अभ्यासक, चित्रपटकार, वकील अशी मंडळी एकत्र येऊन राज्यसंस्थेच्या हिंसेचा तपास इमारती, ढिगारे, सावल्या आणि आवाज यांच्या आधारे करतात. त्यांचे एक काम साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे.

सीरियातील सायदनाया तुरुंगात असाद राजवटीने हजारो माणसे मारली. डिसेंबर २०२४ मध्ये ती राजवट कोसळेपर्यंत स्वतंत्र निरीक्षकांना आत प्रवेश नव्हता. २०१६ साली ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसाठी या गटाने सुटून आलेल्या पाच कैद्यांच्या आठवणींवरून तुरुंगाची संगणकीय प्रतिकृती रचली. अडचण अशी, की कैद्यांनी तुरुंग फारसा पाहिलाच नव्हता. डोळ्यांवर पट्टी असे किंवा कोठडीत अंधार असे. म्हणून त्यांना प्रतिध्वनी, पावले, दारांचे आवाज ऐकवून खोल्यांचे आकार ठरवले गेले. २०११ च्या उठावानंतर कैद्यांना किती हळू कुजबुजावे लागे, याचीही मोजणी लॉरेन्स अबू हमदान यांनी साक्षीदारांच्या मदतीने केली. पूर्वीपेक्षा ती १९ डेसिबलने खाली गेली होती. भीतीचे असे मोजमाप आपल्या समीक्षेच्या कल्पनेतही नसते. एका साक्षीदाराला बोळ वर्तुळाकार आठवत होता. इतरांच्या साक्षींशी ते जुळत नव्हते. तरी ती चूक खोडून टाकली गेली नाही. चहूबाजूंनी पाळत असल्याची जी जाणीव त्या माणसाच्या स्मृतीत रुतली होती, तिचा पुरावा म्हणून ती वाचली गेली. येथे अनेकार्थता आहेच. पण तिने ‘तेथे काय घडले’ हा प्रश्न बाजूला सारला नाही, उलट अधिक नेमका केला.

आक्षेप अपेक्षित आहे: हे संशोधक पक्षपाती आहेत, मानवाधिकार संघटनांसाठी काम करतात. ते खरेच आहे. परंतु पक्ष घेणे आणि खोटे बोलणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जर्मनीतील कासेल शहरात एप्रिल २००६ मध्ये तुर्की वंशाच्या एका २१ वर्षीय तरुणाची नवनाझी गटाने त्याच्या कुटुंबाच्या इंटरनेट कॅफेत हत्या केली. राज्याच्या गुप्तचर खात्याचा एक कर्मचारी त्या वेळी तेथे होता. आपण काही पाहिले-ऐकले नाही, असे त्याचे म्हणणे. या गटाने ७७ चौरस मीटरच्या त्या जागेची पूर्णाकृती प्रतिकृती बर्लिनमध्ये उभारली. गोळीचा आवाज, दारूचा वास, दृष्टिरेषा तपासल्या आणि त्याची साक्ष विश्वासार्ह नाही असा निष्कर्ष काढला. २०१७ साली तो तपास कासेलच्याच ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात मांडला गेला, तेव्हा तेथील सत्ताधारी पक्षाच्या राजकारण्यांनी ही तर कलाकृती आहे, पुरावा नव्हे, असे म्हणून तो झटकला. म्हणजे सत्तेला नको असलेले वाचन बाद करण्यासाठी ‘कला’ हा शब्द पुरला! मोजमापे, गृहीतके आणि पद्धत सर्वांसमोर उघडी होती. ज्याला ती खोटी ठरवायची होती त्याने तशी ठरवावी. तसे करण्यापेक्षा शब्दाचा आडोसा सोपा होता.

आपल्या वाचनात नेमकी हीच जोखीम नसते. आपला अन्वयार्थ चुकीचा ठरू शकतो, अशी सोयच आपण ठेवत नाही. मग तो कोणालाही अडचणीचा होत नाही. सत्य सापेक्ष असते हे विद्यार्थ्याला शिकवणे सोपे आहे. साक्षीतील विसंगती कशी वाचावी, ती खोटेपणाची खूण आहे की आघाताची, हे कसे ओळखावे, आणि तरीही शेवटी ‘असे घडले’ असे कोणत्या आधारावर म्हणावे, हे शिकवणे कठीण आहे. आणि आपल्या विषयाचे खरे काम तेच आहे. संहितेतील कोणती गोष्ट आढळली असता तुमचे वाचन मागे घ्यावे लागेल, एवढा एक प्रश्न प्रत्येक प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत विचारून पाहावा. ज्याला त्याचे उत्तर देता येणार नाही, त्याने आपल्या वाचनाला प्रतिकार म्हणू नये.