मुलाखत संगणकवाल्यांची



आज पीकपाण्याचं राहू द्या. तुमच्या घरात कुणी मुलगा नाहीतर मुलगी इंजिनिअर होऊन सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखती देत असेल. तुम्ही विचारता, "काय झालं?" उत्तर येतं, "नाही झालं." पुढं घरात कुणी बोलत नाही. बोलतात ते शेजारी!

तर आत काय चालतं ते ऐका. आपल्याला वाटतं, साहेब मार्कांचे कागद बघणार, चार प्रश्न विचारणार, की झालं. तसं नसतं. आधी संगणकावर चाचणी. मग तासाभराची गाठ, तीही बऱ्याचदा पडद्यावरच. साहेब कोडं घालतो आणि पोरानं त्याच्या देखत त्याचा प्रोग्राम लिहायचा. प्रोग्राम म्हणजे संगणकानं कोणतं काम कसं करायचं, त्याच्या ओळीनं सूचना. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्यावर कुठं पगाराची गोष्ट निघते.

कोडं कसलं म्हणाल, तर समजा तलाठ्याच्या दप्तरात एक हजार गटनंबर आहेत, पानाला एक. तुमचा नंबर कसा शोधाल? पहिल्या पानापासून निघालात तर हजार पानं उलटावी लागतील. त्यापेक्षा मधोमध उघडा. आपला नंबर पुढचा असेल तर अलीकडची सगळी पानं सोडा. उरलेल्यांत पुन्हा मधोमध. जास्तीत जास्त दहा वेळा उघडलं की नंबर हातात! याला बायनरी सर्च म्हणतात.

ही कोडी भल्याभल्यांना अडवतात. मॅक्स हॉवेल नावाच्या प्रोग्रामरनं २००९ साली 'होमब्रू' तयार केलं. ॲपलच्या संगणकावर लागेल ते साधन बसवून देणारं हे सॉफ्टवेअर जगभर वापरतात. २०१५ साली गूगलनं त्याला मुलाखतीनंतर नाकारलं. कोडं होतं बायनरी ट्री उलटा करण्याचं. म्हणजे वंशावळीच्या तक्त्यात प्रत्येकाखालच्या दोन फांद्यांची डावी-उजवी अदलाबदल. हे फळ्यावर जमलं नाही, असं त्यानंच जाहीर सांगितलं. गूगलचे बहुतेक इंजिनिअर आपलंच होमब्रू वापरतात, हेही सांगितलं! आता या माणसाला काय अडाणी म्हणायचं? माझ्या मते हे मापच थोडं लंगडं आहे. पण बाजारात तेच चालतं, म्हणून पोरांना त्याचा सराव हवा.

मध्येच एक सांगतो. "इतके भरा, नोकरी पक्की" म्हणणारा कुणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. चांगली कंपनी मुलाखतीचे पैसे घेत नाही. कुणाच्या शब्दावर जमीन गहाण टाकू नका.

आपली पोरं अडतात ती निराळ्याच जागी. मोठ्यांपुढं गप्प बसायचं, हे आपणच शिकवलेलं. तिथं साहेबाला विचार कानांनी ऐकायचा असतो. मनात बरोबर हिशेब चाललाय आणि तोंड बंद, तर त्यानं काय ओळखावं? उलट प्रश्नही विचारावा लागतो. वरच्या कोड्यातच बघा. "नंबर क्रमानं लावलेत का?" हे आधी विचारायला हवं. क्रम नसेल तर मधोमध उघडून काय उपयोग?

तेव्हा पुढच्या मुलाखतीआधी लेकीला म्हणावं, हे कोडं आजीला मोठ्यानं समजावून सांग. आजी मध्येच अडवील, "अगं, पण मधूनच का उघडायचं?" अडवू द्या. तिथला साहेबही हेच विचारणार आहे.