गाव नाही, आई सांभाळते

'गावाकडं वृद्धाश्रम लागत नाहीत' हे रील तुम्हीही फॉरवर्ड केलं असेल. मिरजगावात आमच्या घरी या. आजी पहाटे तीनला माहेरी जायला निघते, म्हणून आई दाराला आतून कुलूप लावून उंबऱ्याशी झोपते. चार वर्षांत ती एकाही लग्नाला मुक्कामी राहिलेली नाही. गाव एवढंच म्हणतं, म्हातारचळ लागलाय.

चळ कसला? हा मेंदूचा आजार आहे, डिमेन्शिया. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून जास्त जणांना तो आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. आशाताई भरतात त्या फॉर्मात ज्येष्ठांसाठी प्रश्नही आहे: जवळच्यांची नावं, घरचा पत्ता विसरता का? 'होय'वर खूण झाली. पुढं काय? नगरला न्या म्हणे. ऐन कांदा काढणीत, एसटीत बसायलाच घाबरणाऱ्या आजीला?

हरिनाम सप्ताहाला घरटी वर्गणी निघते, पंगतीला वाढायला पोरं धावतात. चांगलंच आहे. त्यातलं कुणी आठवड्यातून दोन तास आजीजवळ बसायला का येत नाही, हे विचारा. मी पुण्यात राहतो. मलाही विचारा.