अब्बांचा लिनक्स, मुलाचा विंडोज



चिपळूणकडच्या एका भगिनीने विचारले आहे. घरात जुना कॉम्प्युटर आहे. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार बंद केला आणि या कॉम्प्युटरवर विंडोज 11 चढेना, तेव्हा ईदच्या सुटीत आलेल्या मुलाने त्यावर उबंटू लिनक्स टाकून दिले. अब्बा त्यावर मोहल्ल्याच्या जमातीचा हिशोब लिहितात. मुलगा पुण्यात नोकरीला असतो, त्याच्याकडे विंडोजचा लॅपटॉप. काही अडले की फोनवर अर्धा तास उलटतपासणी चालते: "अब्बा, वरच्या कोपऱ्यात काय दिसतंय?" "काही दिसत नाही बेटा." तर पुण्यात बसून मुलाला हा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर उघडता येईल का, आणि त्यात धोका किती?

उघडता येईल, आणि पैसे लागत नाहीत. धोका आहे, पण तो कुठे आहे हे कळले की टाळता येतो.

या सोयीला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. यात चिपळूणच्या पडद्याचे चित्र पुण्याला जाते आणि पुण्याच्या माऊसची व कीबोर्डची हालचाल चिपळूणला येते. फाईल जागची हलत नाही. हे चित्र नेण्या-आणण्याची जी बोली आहे तिला आरडीपी म्हणतात. ती मायक्रोसॉफ्टची, पण लिनक्सवाल्यांनीही ती शिकून घेतली आहे. त्यामुळे मुलाच्या लॅपटॉपवर या कामासाठी वेगळा प्रोग्राम टाकावा लागत नाही. विंडोजची स्वस्तातली होम आवृत्ती असली तरी चालते. होम आवृत्तीच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून शिरता येत नाही, तिथून दुसरीकडे मात्र जाता येते, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे.

आता लिनक्सची बाजू. उबंटू 24.04 असेल तर सेटिंग्ज, त्यात सिस्टम, त्यात रिमोट डेस्कटॉप असे जावे. तिथे दोन भाग दिसतील. 'डेस्कटॉप शेअरिंग' म्हणजे अब्बा जे पाहत आहेत तेच मुलाला दिसणार. 'रिमोट लॉगिन' म्हणजे मुलगा आपल्यापुरता वेगळा शिरणार, अब्बांच्या पडद्यावर काही दिसणार नाही. घरासाठी माझे मत स्पष्ट आहे: पहिला भाग सुरू करावा, दुसरा बंद ठेवावा. माऊस कुठे फिरतो आहे, कोणती फाईल उघडते आहे हे अब्बांना समोर दिसले पाहिजे. शेअरिंगच्या खाली 'रिमोट कंट्रोल'चे वेगळे बटण आहे. ते बंद ठेवले तर मुलाला फक्त पाहता येते, हात लावता येत नाही. पुष्कळदा तेवढ्यानेही काम भागते.

तिथेच खाली या जोडणीचे नाव आणि पासवर्ड असतो. पासवर्ड लांब ठेवावा. नातीचे नाव आणि तिचे जन्मसाल हा पासवर्ड नव्हे, ते सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक असते. आणखी एक अडचण आधीच सांगते. कॉम्प्युटर सुरू होताच पासवर्ड न विचारता आत जाणारा असेल, तर हा जोडणीचा पासवर्ड ज्या कुलूपबंद पेटीत असतो ती उघडत नाही आणि मुलाला आत घेतले जात नाही. म्हणून अब्बांनी रोज पासवर्ड टाकूनच आत जावे. पडदा लॉक झाला तरी जोडणी तुटते. काम चालू असताना चहाला उठावे लागले तर मुलाला सांगून उठावे.

उबंटूऐवजी मिंट असेल तर सेटिंग्जमध्ये हा भाग सापडणार नाही. तिथे एक्सआरडीपी नावाचा प्रोग्राम टाकावा लागतो. टर्मिनलमध्ये 'सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सआरडीपी' ही कमांड, अर्थात इंग्रजी अक्षरांत. याची रीत वेगळी आहे. तो नवीच बैठक उघडतो, आणि त्याच नावाने घरी कुणी आधीच आत असेल तर मुलाला काळा पडदा दिसतो किंवा खिडकी उघडून लगेच मिटते. कॉम्प्युटर बिघडला असे वाटते, पण बिघडलेले काही नसते. घरच्यांनी आधी लॉग आउट करायचे, मग मुलाने शिरायचे.

पहिली चाचणी मुलगा घरी असतानाच, एकाच वाय-फायवर घ्यावी. लिनक्सच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये या कॉम्प्युटरचा पत्ता दिसतो, बहुधा 192.168 ने सुरू होणारा. विंडोजच्या स्टार्टमध्ये 'रिमोट डेस्कटॉप कनेक्शन' असे टाइप करून ते उघडावे, पत्ता लिहावा, नाव आणि पासवर्ड द्यावा. प्रमाणपत्र ओळखीचे नाही अशी सूचना येईल. आपल्याच घरातला कॉम्प्युटर आहे, पत्ता आपणच पाहून लिहिला आहे, तर पुढे जायला हरकत नाही.

मुलगा पुण्याला गेला की हा पत्ता चालत नाही, आणि खरा धोका इथे सुरू होतो. इंटरनेटवर सल्ला मिळतो की राउटरमध्ये 3389 क्रमांकाचे दार बाहेरच्यांसाठी उघडा. हे करू नये. आरडीपीचे हे ठरलेले दार आहे आणि ते कुठे उघडे सापडते हे शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. मे 2019 मध्ये जुन्या विंडोजच्या याच सेवेत इतकी मोठी फट निघाली की मायक्रोसॉफ्टला कधीच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. आपला कॉम्प्युटर लिनक्स आहे हे खरे, पण पासवर्ड ओळखायचा प्रयत्न तिथेही होतोच.

त्याऐवजी दोन्ही कॉम्प्युटरवर टेलस्केलसारखा प्रोग्राम टाकावा आणि एकाच खात्याने आत जावे. तो दोघांमध्ये एक खासगी, कुलूपबंद बोगदा तयार करतो. घरगुती वापराला तो फुकट आहे. लिनक्सला 100 ने सुरू होणारा एक नवा पत्ता मिळतो. पुण्यात तोच लिहायचा, बाकी सगळे तसेच. राउटरला हात लावावा लागत नाही. या खात्याला मात्र दुहेरी पडताळणी लावलीच पाहिजे, कारण आता घराची किल्ली तिथे आहे.

एवढा जोर देण्याचे कारण त्या हिशोबाच्या वहीत आहे. जमातीच्या फाईलमध्ये वर्गणी किती आली एवढेच नसते. जकातीतून कोणत्या घराला मदत गेली, कोणत्या बेवेचे भाडे भरले, कुणाच्या मुलीची फी दिली, तेही असते. ही नावे बाहेर गेली तर पैसा बुडत नाही, पण त्या बाईला गल्लीतून मान वर करून चालता येत नाही. ही फाईल मुलाने उघडायची गरज असेल तर अब्बांनी जमातीच्या सदर साहेबांना आधी विचारावे. मुलगा घरचा आहे, पण ती अमानत घरची नाही.

आणि अब्बांना हेही सांगून ठेवावे की अशी जोडणी फक्त मुलासाठी आहे. "बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका, तुमचा पडदा आम्हाला दिसू द्या" असा फोन आला की तो बंद करायचा. अशा दूरनियंत्रणाच्या ॲपमधून खाती रिकामी होतात म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केले होते.

उर्दू-मराठी टाइप करणाऱ्यांसाठी थोडे. मुलाने विंडोजचा कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवावा आणि भाषा लिनक्सच्या बाजूला बदलावी, नाहीतर अक्षरांचा घोळ होतो. नस्तालिक फॉन्ट मात्र त्याच्याकडे नसला तरी अडत नाही. तो चिपळूणला असला की पुरे, पुण्याला चित्रच जाते.

काम झाल्यावर मिंटवाल्यांनी नुसती फुली दाबून खिडकी बंद करू नये. त्याने फक्त चित्र बंद होते, बैठक आत तशीच उघडी राहते. मेन्यूत जाऊन लॉग आउट करावे, म्हणजे फजरनंतर हिशोबाला बसणाऱ्या अब्बांना काळा पडदा दिसणार नाही.