टोपल्यांचं बिल आणि तुमची मेंबरशिप

राज्यातील व्यापार-उद्योग संघटनांचे अध्यक्ष व पदाधिकारी यांस,



सभासद व्हा, असं आवाहन तुम्ही वरचेवर करता. फायदेही सांगता: ओळखी वाढतील, प्रदर्शनात स्टॉल मिळेल, भिंतीवर लावायला प्रमाणपत्र मिळेल. कर्जत-खालापुरात ठाकुरवाड्या बऱ्याच आहेत. त्यांतल्या एका वाडीतल्या बायकांच्या बचत गटाचा हिशेब मी लिहितो. आम्हालाही सभासद व्हायचंय, पण वेगळ्या फायद्यासाठी.

गट बांबूच्या टोपल्या आणि सुपं करतो. गिऱ्हाईक शोधायला लागत नाही. फार्महाऊस आणि रिसॉर्ट आमच्या बांधापर्यंत आलेत. घोडं अडतं वसुलीत. एका रिसॉर्टने दिव्यांवर उपड्या घालायला टोपल्या नेल्या, होळीच्या आधी. बिलावर मॅनेजरची सही आहे, शिक्का आहे. ‘साहेब आले की चेक काढतो’ हे ऐकत लावणी उरकली. पैसे गणपतीत आले, तेही दोन हप्त्यांत. बांबूवाला मात्र रोखीशिवाय काठीला हात लावू देत नाही.

कायदा नाही असं नाही. उद्यम नोंदणी फुकट होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी केलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. 2023 च्या अर्थसंकल्पाने तर असं थकवलेलं बिल प्रत्यक्ष चुकतं करेपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवायचीही सोय काढून घेतली. तक्रारीसाठी याच कायद्याखाली परिषद आहे.

पण तक्रार करणार कोण? एकदा परिषदेत गेलो की ते गिऱ्हाईक संपलं, आणि शेजारचा रिसॉर्टवालाही सावध झाला. एकट्या गटाला हा कायदा वापरणं परवडत नाही. इथेच संघटना लागते. माल घेणारा हॉटेलवाला तुमचा सभासद, माल देणारा गटही तुमचाच सभासद, मग संघटनेच्या लेटरहेडवर आठवणीचं एक पत्र गेलं तर त्यात भांडण दिसत नाही. हा फायदा माहितीपत्रकात कुठेच छापलेला नसतो.

वालचंद हिराचंद यांनी 1927 मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स ही तुमच्यासारखीच संघटना उभी केली. आमच्या डोक्यावरच्या बोरघाटात रेल्वेच्या बोगद्यांची कामं त्यांच्याच कंपनीने केली होती. त्या घाटात जांब्रुंग आणि नागनाथच्या मध्ये ठाकूरवाडी नावाचं रेल्वेचं ठाणंही आहे. म्हणजे नाव तुमच्या कुळाला अनोळखी नाही. सभासदांच्या यादीत ते दिसलं तर बरं.

तेव्हा मागणी एवढीच. बचत गटाला गट म्हणून, झेपेल अशा वर्गणीत सभासद करून घ्या. तालुक्याला थकलेल्या बिलांसाठी एक माणूस नेमा, ज्याचा फोन लागतो असा. आणि मोठ्या सभासदांकडून छोट्यांची बिलं मुदतीत देण्याचं लेखी घ्या. ते न पाळणाऱ्याला पुढच्या वर्षी स्टॉल देऊ नका.

वर्गणी आम्ही गटाच्या खात्यातून चेकने भरू, मुदतीच्या आत. पहिल्याच सभेला मात्र बिलबुक घेऊन येऊ.

आपला,
एका गटाचा हिशेबनीस
ठाकुरवाडी, कर्जत-खालापूर