निवडणाऱ्याचे कान

१९७२ साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रा कंपनीने ‘नगेट्स’ हा दोन तबकड्यांचा संग्रह काढला. १९६५ ते ६८ या काळातली २७ गाणी, बहुतेक तरण्या पोरांच्या बँडची: गॅरेजमध्ये तालीम, एखादं गाणं गाजणं आणि मग विस्मरण. कल्पना कंपनीच्या जॅक होल्झमन यांची, निवड लेनी केची. हा के पुढे गायिका पॅटी स्मिथचा गिटारवादक झाला. सोबतच्या टिपणात त्याने या संगीताला ‘पंक रॉक’ म्हटलं, तेही पंकची लाट यायच्या काही वर्षं आधी! यातल्या इलेक्ट्रिक प्रून्स या बँडची थरथरती गिटार ऐकली की अनघडपणातलं बळ कळतं. अशी निवड मी सर्जनच मानतो. १९९८ मध्ये ऱ्हायनो कंपनीने हा संग्रह चार सीडींपर्यंत वाढवला; तुम्ही मात्र सुरुवात मूळ २७ गाण्यांनीच करा.